पदवीचं गाव

मुलगी अंबडच्या कॉलेजात तीन वर्षं शिकते. फी तिथेच भरते, हजेरी तिथेच लागते, सर-मॅडमही तिथलेच. पदवी मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची मिळते आणि त्यावर सही असते छत्रपती संभाजीनगरला बसणाऱ्या कुलगुरूंची. शिकवलं एकाने आणि सही दुसऱ्याची, हे कसं? कॉलेज दारात असताना विद्यापीठ नावाची वेगळी संस्था लागतेच कशाला? आणि एखाद्या प्रदेशाला ‘आमचं स्वतःचं विद्यापीठ हवं’ असं इतक्या तळमळीने का वाटतं?

या प्रश्नांची उत्तरं शोधायला मराठवाडा विद्यापीठाइतकं चांगलं उदाहरण नाही. पदवी आणि सामान्य घरातलं मूल यांच्यामध्ये किती प्रकारची अंतरं असतात आणि ती एकेक करून कशी तोडावी लागतात, हे या एका विद्यापीठाच्या इतिहासात स्पष्ट दिसतं. ते अंतर भाषेचं होतं, मैलांचं होतं आणि जातीचंही होतं. (औरंगाबाद म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबाद म्हणजे धाराशिव. जुन्या काळाबद्दल लिहिताना ही त्या काळची नावं तशीच ठेवली आहेत.)

१. कॉलेज शिकवतं, मग विद्यापीठ काय करतं?

गावची दूध संस्था आणि जिल्ह्याचा दूध संघ डोळ्यांसमोर आणा. दूध गोळा होतं गावात. पण फॅट कशी मोजायची, कुठलं दूध घ्यायचं, कुठलं परत पाठवायचं, हे नियम संघाचे. पिशवीवर छाप संघाचा, म्हणून मुंबईतलं गिऱ्हाईक गावाचं नाव माहीत नसतानाही ती पिशवी विश्वासाने उचलतं. कॉलेज ही गावची संस्था आणि विद्यापीठ हा संघ. अंबडच्या पदवीधराला पुण्यात किंवा दिल्लीत कोणी ‘तुमचं कॉलेज कसं आहे?’ म्हणून विचारत बसत नाही, कारण मोजमाप विद्यापीठाने केलेलं असतं. कॉलेजने विद्यापीठाचे नियम पाळायचे आणि विद्यापीठाने त्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना पदवी द्यायची, या नात्याला संलग्नीकरण म्हणतात.

उपमा इथपर्यंतच चालते. संघ स्वतः दूध काढत नाही. विद्यापीठाला मात्र दुसरंही काम असतं. त्याच्या आवारात पदव्युत्तर विभाग असतात, तिथे एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी. होतात, नवं संशोधन होतं. म्हणजे एकाच संस्थेकडे दोन कामं आली. पहिलं, शेकडो कॉलेजांच्या परीक्षा सांभाळणं. दुसरं, ज्ञानात भर घालणं. पहिलं काम वाढलं की दुसरं मागे पडतं. ही ओढाताण लक्षात ठेवा, पुढे तिचा पुन्हा संबंध येणार आहे.

२. एका पेपरचा प्रवास

विद्यापीठाच्या हाती नेमकं काय असतं ते एका पेपरच्या उदाहरणाने पाहू. समजा, बी.ए.च्या मुलांना इतिहासाचा पेपर आहे.

मुलांनी काय वाचायचं, हे इतिहासाचं अभ्यासमंडळ ठरवतं. त्यात त्या विषयाचे प्राध्यापक असतात. मंडळाने केलेला अभ्यासक्रम विद्यापरिषदेपुढे जातो. शैक्षणिक बाबतीत विद्यापरिषदेचा शब्द शेवटचा. मग परीक्षा व मूल्यमापन मंडळाचं काम सुरू होतं. पेपर कोण काढणार, कुठल्या केंद्रावर परीक्षा होणार, निकाल कधी लागणार, हे ते पाहतं. उत्तरपत्रिका परीक्षकांकडे जातात तेव्हा त्यांवर विद्यार्थ्याचं नाव नसतं. त्यामुळे वर्गात पुढच्या बाकावर बसणारा कोण आणि मागच्या बाकावरचा कोण, याचा गुणांशी संबंध राहत नाही. निकाल लागतो आणि पदवीदान समारंभात पदवी दिली जाते.

या सगळ्यांच्या वर दोन मोठ्या सभा असतात. व्यवस्थापन परिषद रोजचा कारभार आणि पैसा पाहते. अधिसभेत, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी असलेल्या सिनेटमध्ये, प्राचार्य, प्राध्यापक, संस्थाचालक, विद्यार्थी आणि पदवीधर यांचे प्रतिनिधी बसतात आणि कारभाराचा जाब विचारतात. कुलगुरू हे रोजच्या कारभाराचे प्रमुख, त्यांची मुदत पाच वर्षांची. राज्यपाल हे कुलपती. शोध समितीने सुचवलेल्या नावांतून ते कुलगुरू निवडतात.

इतिहासात मुलांनी काय शिकायचं, कुठल्या भाषेत उत्तर लिहायचं आणि पास कोणाला म्हणायचं, हे सगळं विद्यापीठ ठरवतं. विद्यापीठ दुसऱ्याच्या मुलखात असलं की हे निर्णयही दुसऱ्याच्या मुलखात होतात. मराठवाड्याने हा अनुभव तीस-चाळीस वर्षं घेतला.

३. लंडनचा साचा, मुंबईचा पसारा

आपल्याकडची ही रचना आली कुठून? १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे तीन विद्यापीठं निघाली. त्यांचा नमुना होता त्या वेळचं लंडन विद्यापीठ, जे स्वतः शिकवत नसे, फक्त परीक्षा घेऊन पदवी देत असे. मुंबई विद्यापीठाने तेच केलं. कॉलेजं शिकवत, विद्यापीठ परीक्षा घेई. सिंधपासून कर्नाटकापर्यंतची कॉलेजं त्याच्या छत्राखाली होती.

पसारा एवढा वाढला की तो तोडावाच लागतो. १९२३ साली नागपूर विद्यापीठ आलं, तेव्हा विदर्भाचा मुलूख मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. १९४९ साली पुणे विद्यापीठ झालं. १९६२ साली कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, १९८३ साली अमरावती, १९९० साली जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, १९९४ साली नांदेड, २००४ साली सोलापूर, २०११ साली गडचिरोलीचं गोंडवाना. गोव्याचं विद्यापीठ १९८५ सालचं. ही यादी नुसती वाचली तरी कळतं की पदवी पायरी-पायरीने लोकांच्या जवळ सरकत गेली. मराठवाड्याचं विद्यापीठ १९५८ सालचं. त्याची कहाणी मात्र मुंबईतून फुटून निघण्याची नाही, कारण मराठवाडा मुंबई इलाख्यात नव्हताच. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.

४. हैदराबादची पदवी

१९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. देशातली बाकीची विद्यापीठं इंग्रजीतून शिकवत असताना उस्मानियाने उर्दूतून शिकवायचं ठरवलं. त्यासाठी आधी भाषांतर विभाग उभारला आणि विज्ञान, कायदा, वैद्यक या विषयांची पुस्तकं उर्दूत आणली. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देता येतं, हे त्या विद्यापीठाने सिद्ध करून दाखवलं. ते श्रेय त्याला द्यायलाच हवं.

अडचण अशी की संस्थानातल्या बहुसंख्य लोकांची भाषा उर्दू नव्हती. ते तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत. परभणीच्या किंवा बीडच्या मुलाला घरात मराठी, शाळेत उर्दू आणि शिवाय इंग्रजी असं तीन भाषांचं ओझं वाहावं लागे. औरंगाबादला १९२३ साली सरकारी कॉलेज निघालं, पण ते इंटरपर्यंतच. पदवी हवी तर मनमाड-काचीगुडा मार्गावरच्या मीटर गेज गाडीत बसून जालना, परभणी, नांदेड ओलांडत हैदराबाद गाठायचं. ज्यांच्या घरी चार पैसे होते ते पुणे, मुंबई, नागपूरची वाट धरत. बाकीच्यांचं शिक्षण मॅट्रिकच्या आसपास संपे. मुलींचं तर त्याच्याही आधी.

यातला विरोधाभास पाहा. ‘विवेकसिंधु’ लिहिणारे मुकुंदराज परंपरेने अंबाजोगाईचे मानले जातात. ज्ञानेश्वर आपेगावचे, नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडच्या, एकनाथ पैठणचे. ज्या मुलखात मराठी भाषा ग्रंथांत उतरली, त्या मुलखातल्या मुलाला मराठीतून पदवी घेण्याची सोय नव्हती.

विद्यापीठ दुसऱ्याच्या हाती असलं की काय होतं, हे १९३८ साली दिसलं. औरंगाबादच्या कॉलेजात आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. मनाई झाली, मुलांनी ऐकलं नाही, आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावं पटावरून कमी झाली. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक. एका विद्यापीठाने दार लावलं, दुसऱ्याने उघडलं, म्हणून त्या मुलांची वर्षं वाचली.

५. विद्यापीठाआधीची दोन कॉलेजं

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं. त्यानंतर दोनच वर्षांत, १९५० साली, मराठवाड्यात दोन टोकांना दोन कॉलेजं निघाली. विद्यापीठाचा पाया खऱ्या अर्थाने इथे घातला गेला.

पहिलं औरंगाबादला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने आधी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं होतं. दुसऱ्या कॉलेजसाठी बाबासाहेबांनी पुणं किंवा नागपूर न निवडता औरंगाबाद निवडलं, कारण शिक्षणाची गरज सगळ्यांत जास्त तिथे होती. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. परिसराला नाव दिलं नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा आणि नागसेन त्याला उत्तरं देणारा बौद्ध भिक्खू, त्या संवादाची आठवण या नावांत आहे. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. म. भि. चिटणीस प्राचार्य होते. घराण्यातलं पहिलंच मूल शाळेत गेलेलं, अशी मुलं गावोगावहून इथे आली आणि वसतिगृहात राहून शिकली.

दुसरं नांदेडला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी तिथे पीपल्स कॉलेज उभं केलं. स्वामीजी मुळात शिक्षक, अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेचं काम त्यांनी पाहिलेलं. नरहर कुरुंदकर पुढे याच पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. अंबाजोगाईला १९५६ साली योगेश्वरी महाविद्यालय निघालं. औरंगाबादची सरस्वती भुवन संस्था तर १९१५ पासून शाळा चालवत होती.

ही कॉलेजं मराठी मुलखातली, पण संलग्न होती उस्मानियाला. उस्मानियाने १९५३ साली बाबासाहेबांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल यांच्यासाठी औरंगाबाद-नांदेडच्या मुलांची नजर मात्र हैदराबादकडेच राहिली.

६. २३ ऑगस्ट १९५८

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात गेलं. त्यातून एक पेच उभा राहिला. कॉलेजं एका राज्यात आणि त्यांना पदवी देणारं विद्यापीठ दुसऱ्या राज्यात. हे फार दिवस चालणं शक्य नव्हतं. ही कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडून टाकावीत की नवं विद्यापीठ काढावं?

जोडून टाकणं स्वस्त पडलं असतं. पण मराठवाड्यातल्या लोकांनी आत्ताच एका लांबच्या विद्यापीठापासून सुटका करून घेतली होती, पुन्हा दुसऱ्या लांबच्या विद्यापीठाच्या शेपटाला बांधून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. स्वतंत्र विद्यापीठाचा कायदा झाला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. पहिले कुलगुरू झाले एस. आर. डोंगरकेरी. त्यांचं आयुष्य मुंबई विद्यापीठाच्या प्रशासनात गेलेलं, त्या विद्यापीठाचा शंभर वर्षांचा इतिहासही त्यांनीच लिहिलेला. नवं घर बांधायला जुन्या घराची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस मिळाला.

जागा मिळाली शहराच्या उत्तरेला, औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी. सोनेरी महाल ही जुनी वास्तू तिथून हाकेच्या अंतरावर. सुरुवातीला मोजकी कॉलेजं, मोजके विभाग. पण स्वतःचं विद्यापीठ झाल्याचा परिणाम लवकरच दिसू लागला. मराठी विभागात यू. म. पठाण यांनी संतसाहित्याचा आणि जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास उभा केला. घराघरांत आणि मठांत बासनात बांधून ठेवलेल्या पोथ्यांकडे अभ्यासाचं साधन म्हणून पाहिलं जाऊ लागलं. पठाण सर १९९० साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. इतिहास विभागात रा. श्री. मोरवंचीकर यांनी पैठणचा, सातवाहनांच्या प्रतिष्ठानचा अभ्यास केला. इतिहास वस्तुसंग्रहालय झालं. नाट्यशास्त्राचा विभाग झाला. पैठणचा इतिहास कोणी लिहायचा, हा निर्णय आता पैठणपासून तासा-दीड तासाच्या वाटेवर होत होता.

नागसेनवनही गप्प नव्हतं. मिलिंदमध्ये आणि पुढे विद्यापीठाच्या मराठी विभागात शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक सुरू केलं. दलित साहित्याची एक संपूर्ण पिढी त्यात लिहिती झाली. दोन पिढ्यांपूर्वी ज्या घरांत अक्षर पोहोचलं नव्हतं, त्या घरांतली मुलं आता मराठी वाङ्मयाची दिशा बदलत होती.

७. नावाचा प्रश्न

भाषेचं अंतर असं कमी झालं. जातीचं अंतर तोडणं किती कठीण होतं, हे पुढच्या काळात दिसलं.

ज्या माणसाने औरंगाबादेत पहिलं मोठं कॉलेज उभारलं, त्याचं नाव विद्यापीठाला द्यावं, अशी मागणी सत्तरच्या दशकात जोर धरू लागली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव मंजूर केला. शरद पवार तेव्हा नुकतेच मुख्यमंत्री झाले होते. ठराव होताच मराठवाड्यात दंगली उसळल्या. विरोध करणारे म्हणत, ‘मराठवाडा’ हे नाव आमच्या प्रदेशाची ओळख आहे, ते पुसू देणार नाही. या भावनेत काहींची खरी आस्था असेलही. पण हल्ले झाले ते गावोगावच्या दलित वस्त्यांवर. घरं जाळली गेली, माणसं मारली गेली, कुटुंबं गाव सोडून परागंदा झाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा खून झाला. ज्यांनी विद्यापीठाची पायरीही कधी चढली नव्हती, त्यांना विद्यापीठाच्या नावासाठी जीव गमवावा लागला. प्रश्न केवळ पाटीवरच्या अक्षरांचा असता तर आग वस्तीपर्यंत गेली नसती.

ठराव कागदावर राहिला. १९७९ साली जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. मोर्चे, सत्याग्रह, तुरुंगवास असं वर्षानुवर्षं चालू राहिलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी, ठरावानंतर जवळजवळ साडेपंधरा वर्षांनी, निर्णय झाला. ‘मराठवाडा’ हा शब्द कायम ठेवून त्याआधी बाबासाहेबांचं नाव जोडण्यात आलं आणि पूर्ण नाव झालं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. दोन्ही ओळखी एका नावात बसल्या. आज मागे वळून पाहताना हे इतकं साधं वाटतं की त्यासाठी एवढी माणसं गेली यावर विश्वास बसत नाही.

दर वर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर माणसांची रीघ लागते. खेड्यापाड्यांतून आलेली कुटुंबं, कडेवर मुलं, हातात निळे झेंडे, रस्त्याच्या कडेला पुस्तकांचे स्टॉल. असं दृश्य विद्यापीठाच्या दारात एरवी पाहायला मिळत नाही. गेटला हात लावून नमस्कार करणाऱ्यांत पदवीधर असतात, तशा आयुष्यात वर्गात न बसलेल्या म्हाताऱ्याही असतात. विद्यापीठ कोणाचं, याचं एक उत्तर त्या गर्दीत मिळतं.

८. नांदेड वेगळं का झालं?

आता मैलांच्या अंतराकडे येऊ. त्यासाठी एक साधा हिशोब करू.

देगलूरच्या मुलाला मायग्रेशन सर्टिफिकेट हवं आहे. देगलूर ते नांदेड साधारण ८० किलोमीटर. नांदेड ते औरंगाबाद साधारण २५० किलोमीटर. म्हणजे जाताना ३३० आणि परत येताना ३३०, एकूण ६६० किलोमीटर. खिडकीवरच्या बाबूने ‘उद्या या’ म्हटलं तर मुक्काम वेगळा. शेतमजुराच्या घरात एका कागदापायी दोन-तीन दिवसांची मजुरी आणि वर एस.टी.चं भाडं जाई. तोच कागद नांदेडला मिळाला तर जाऊन-येऊन १६० किलोमीटर. सकाळी निघालेला मुलगा संध्याकाळी घरी जेवायला.

अर्ज फार, प्रश्नपत्रिकांच्या गाड्या लांबवर जाणार, निकालाला उशीर, अशा तक्रारी पाच जिल्ह्यांच्या एका विद्यापीठात वाढतच गेल्या. त्यात १९८१-८२ मध्ये जालना आणि लातूर हे नवे जिल्हे झाले, कॉलेजंही वाढली. म्हणून १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याचा परिसर नांदेडजवळ विष्णुपुरीला आहे. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढे परभणीतून निघालेला हिंगोली हे जिल्हे त्याच्याकडे आले. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे जुन्या विद्यापीठाकडे राहिले. धाराशिवला २००४ साली उपपरिसरही झाला.

१९५० साली दोन टोकांना दोन माणसांनी दोन कॉलेजं काढली होती. चव्वेचाळीस वर्षांनी, एकाच वर्षात, त्याच दोन माणसांची नावं दोन विद्यापीठांना लाभली.

९. पदवी जवळ आली, तिचं वजन किती?

इथवरची गोष्ट पुढे जाण्याची आहे. पण अर्धीच गोष्ट सांगून थांबू नये.

पहिल्या विभागात विद्यापीठाची दोन कामं पाहिली होती, परीक्षा आणि संशोधन. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी झाली आणि गावोगाव कॉलेजांच्या पाट्या लागल्या. आज एकट्या संभाजीनगरच्या विद्यापीठाला चारशेच्या वर कॉलेजं संलग्न आहेत. चारशे कॉलेजांच्या परीक्षा म्हणजे वर्षभर अर्ज, हॉलतिकिटं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, फेरतपासणी. परीक्षा विभाग विद्यापीठाला गिळून टाकतो आणि संशोधनाकडे पाहायला उसंत राहत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांचं दुखणं हेच आहे.

दुसरं दुखणं शिक्षकांचं. कायम प्राध्यापकाची जागा रिकामी राहते आणि तिथे तासिका तत्त्वावर, म्हणजे सी.एच.बी.वर, शिक्षक नेमला जातो. त्याला घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. नेट-सेट झालेला, पीएच.डी. केलेला माणूस वर्षानुवर्षं असा राबतो. काही कॉलेजांत प्रवेश होतात, पण वर्ग भरत नाहीत, मुलं परीक्षेपुरती उगवतात. अशा ठिकाणी पदवीचा कागद मिळतो, त्यामागचं शिक्षण मिळत नाही. भाषेचं, जातीचं आणि मैलांचं अंतर ओलांडून आलेल्या मुलापुढे आता दर्जाचं अंतर उभं आहे.

यावर नव्या धोरणाने एक वाट सुचवली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे संलग्नीकरणाची पद्धत पंधरा वर्षांत हळूहळू बंद करून चांगल्या कॉलेजांना स्वायत्तता द्यायची आहे. स्वायत्त कॉलेज आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः पाहतं. शिक्षणाचं मोजमापही श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये होतं. हिशोब सोपा आहे. तासिकांच्या विषयात १ क्रेडिट म्हणजे १५ तासांचं अध्यापन. चार क्रेडिटचा विषय असेल तर सत्रात ६० तास शिकवायला हवं. तुमच्या मुलाच्या वर्गात त्या विषयाचे तास प्रत्यक्षात किती झाले, हे त्याला विचारा. तीस सांगितले, तर अर्ध्या शिक्षणावर पूर्ण क्रेडिट मिळालं, असा त्याचा सरळ अर्थ.

स्वायत्तता शहरातल्या मोठ्या, जुन्या संस्थांना पेलेल. भूम-परांड्याच्या किंवा सिल्लोडच्या लहान कॉलेजला ती पेलेल का, हा खरा प्रश्न आहे. दूध संघाचा छाप काढून घेतला आणि प्रत्येक गावाला स्वतःचा छाप मारायला सांगितलं, तर मोठी गावं तरतील, लहान गावांची पिशवी कोण उचलणार? म्हणून प्रदेशाच्या सार्वजनिक विद्यापीठाची गरज संपलेली नाही. त्याने शिक्षकांच्या जागा भराव्यात, न भरणाऱ्या वर्गांची कॉलेजं बंद करण्याची हिंमत दाखवावी आणि संशोधनाला वेळ काढावा, ही अपेक्षा रास्त आहे.

१०. यात आपण कुठे?

हे सगळं सरकार आणि कुलगुरूंनीच करायचं, असं वाचकाला वाटू शकतं. कायदा तसं म्हणत नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे अधिसभेत १० जागा नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायच्या असतात. त्यांतल्या पाच जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक अशा राखीव आहेत. विद्यापीठाच्या अर्थसंकल्पावर आणि कारभारावर प्रश्न विचारण्याचा हक्क या प्रतिनिधींना असतो. मतदार होण्यासाठी त्या विद्यापीठाची पदवी असावी लागते आणि निवडणुकीआधी ठरलेल्या मुदतीत नाव नोंदवावं लागतं.

बहुतेक पदवीधर ही नोंदणी करतच नाहीत. त्यामुळे थोड्या मतांवर निवडणूक लागते आणि पॅनेल उभं करणाऱ्यांचं फावतं. तुमच्या घरात एखादा पदवीधर असेल, मग तो संभाजीनगरच्या विद्यापीठाचा असो, नांदेडचा, कोल्हापूरचा किंवा अमरावतीचा, तर पुढच्या अधिसभा निवडणुकीची नोंदणी सुरू झाली की त्याचं नाव मतदार यादीत घाला. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला एकच विचारा : आमच्या तालुक्यातल्या कॉलेजात किती प्राध्यापक कायम आहेत आणि किती तासिकेवर? उत्तर ज्याच्याकडे असेल, त्यालाच मत द्या.